दोनच माणसांची मोटर

बेळगाव, कॅम्प
सन १९३६

तीर्थरूप आईच्या पायांवर पायगोंडाचं डोकं.

हे पत्र धाकट्या बहिणीकडून, चंदनाकडून वाचून घे, पण आप्पा शेताला गेल्यावर.

गोव्यात घेतलेली जुनी शर्यतीची मोटर सरहद्दीपार सुखरूप आणली. नाक्यावर शिपायांनी सीटखाली दारू शोधली, तर तुझ्या दशम्या निघाल्या! त्यांनाबी दिल्या.

ब्रेक जरा ढिला हाय, मिस्त्री बघतोय. काळजी करू नको. दिवस मावळायच्या आत जेवतो. तुझा गुडघा कसा हाय?

सगळं घर बसंल अशी मोटर आण, असं आप्पा म्हणालते. हिच्यात दोघंच बसतात. पण लई देखणी हाय गं, तांबडीभडक!

पहिल्यांदा माझ्याशेजारी तूच बसायचीस. बैलगाडीत तू जन्मभर मागं बसलीस. हिला मागं जागाच न्हाय.

तुझाच,
पायगोंडा