टिश्यूचा बॉक्स

नॉटिंगहॅम, मंगळवार संध्याकाळ

मिरियमच्या वकीलबाईंचा आज फोन आला. मिरियम आणि मी एकाच क्लिनिकमध्ये थेरपिस्ट. गेल्या महिन्यात मॅनेजर भर मीटिंगमध्ये तिला म्हणाला, "तू ज्यू आहेस, पेशंटना तुझ्यासमोर सेफ वाटणार नाही." आणि त्याने तिचे पेशंट मला दिले. तिच्या केसमध्ये साक्ष द्यायला मी लगेच हो म्हटलं. मग बाईंनी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय बोललात?"

काय बोलले? काहीच नाही. सगळे गेल्यावर तिच्यापुढे टिश्यूचा बॉक्स सरकवला आणि पेशंटला विचारावं तसं हळूच विचारलं, "तुला काय वाटतंय?"

तिने बॉक्स परत माझ्याकडे ढकलला. "माझं सोड. तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. आत्ता जबाबात तेच लिहून सही केली. टिश्यूच्या बॉक्ससकट.