भिंती कुठल्या बाजूला पडल्या

प्रिय सेमिसी,

आज समुद्र इतका गुळगुळीत पसरलाय की त्यानं कधी कुणाचं वाईट केलं असेल, हे खरंच वाटू नये. आई नीरफणस भाजतेय. मघाशी म्हणाली, "लेक इंजिनिअर झाली आणि पडकी घरं मोजत हिंडते. एखादं उभं कर की गं!"

हिंडते खरी. त्सुनामीची लाट फिरलेला अख्खा किनारा मी सरकारी कामासाठी पालथा घातला. आपली जुन्या घडणीची फाले, म्हणजे बिनभिंतींचं घर, नुसते खांब आणि छप्पर. तिच्यातून पाणी आरपार निघून गेलं आणि खांब राहिले. भिंतीनं अडवलं की मात्र पाणी सगळा भार तिच्यावर टाकतं, कोपऱ्याशी पायाखालची वाळू उकरतं, वाहून आणलेले ओंडके आदळतं. तू ऑकलंडहून हौसेनं बांधून दिलेलं घर असंच गेलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आपल्या घराच्या ढिगाऱ्याकडे मात्र मी इतके दिवस फिरकले नव्हते. धीरच होत नव्हता. काल गेले. समुद्राकडची भिंत आत, डोंगराच्या दिशेनं पडलीय; ती येणाऱ्या पाण्यानं पाडली. मागची भिंत समुद्राच्या दिशेनं पडलीय, म्हणजे ती परतणाऱ्या पाण्यानं पाडली. बाबा त्या मागच्या भिंतीखाली सापडले, सेमिसी. ती पडली तेव्हा लाट गाव बुडवून माघारी निघाली होती.

आणि बाबा घरात नव्हतेच. शेजारचे लाफाएले काका सांगतात, "तुझा बाप चर्चपाशी घंटा म्हणून टांगलेलं ते रिकामं गॅस सिलिंडर बडवत होता. ओरडत होता, 'उठा रे गाढवांनो, डोंगरावर पळा!' आम्ही पळालो. तो बडवतच राहिला." चर्च आपल्या घराच्या मागे. तिथंच लाटेनं त्यांना गाठून बुडवलं आणि माघारी जाताना त्यांचा देह आपल्या घरात लोटला; भिंत त्यावर पडली ती नंतर.

हा विषय निघाला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. तू त्यांच्या दफनालाही आला नाहीस. 'माझ्या भिंतीनं बाप मारला', हेच धरून बसलायस ना? वेड्या, त्या दिवशी परतणाऱ्या पाण्यानं कितीतरी माणसं खोल समुद्रात नेली. त्यांच्या घरांपुढे थडगीच नाहीत. आई रोज संध्याकाळी, आता राहतो त्या डोंगरावरच्या घरापुढे, बाबांच्या थडग्यावर पाय पसरून बसते, त्यांना टोमणे मारते, तिथंच डुलकी काढते. बाबांना तुझ्या भिंतीनं जाऊ दिलं नाही. ये आता घरी.

तुझीच ताई,
फेतुआओ