विशीची अट

वस्ताद, तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाहीत. त्या दिवशी उचलला असतात तर बरं झालं असतं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. बेळगावच्या तुमच्या तालमीत येऊन तीन वर्षं झाली होती. माझ्याच वयाचा माझा जोडीदार आणि मी, आम्ही दोघंच तुमच्या डोळ्यांत भरलेले. संस्थानचा कारभारी पदरी ठेवायला मल्ल शोधत आला तेव्हा आमच्या दोघांच्याही अंगाला माती लागलेली होती. तुम्ही आम्हाला पुढं येऊच दिलं नाहीत. "हाड अजून वल्लं हाय तुमचं. वीस झाल्याबिगर पगारी कुस्ती न्हाय."

मी उलट बोललो. "खानापुरात लाकडं वाहाय लागलो तवा कुणी वय इचारलं न्हाय. चिखलात भात लावताना इचारलं न्हाय. कुस्तीलाच कशाला इचारता?"

तुम्ही नुसतं म्हणालात, "जा, बैठका मार."

बैठका मारल्या नाहीत. पहाटे लंगोट गुंडाळला आणि कारभाऱ्याच्या मागं गेलो. त्यानं वय विचारलं, मी एकवीस सांगितलं. माझ्या नुकत्याच फुटलेल्या मिशीकडं बघून तो हसला आणि तसंच लिहून घेतलं. जोडीदाराला बरोबर चल म्हटलं होतं. तो म्हणाला, "वस्तादांचा शब्द हाय रं. तीनच तर वर्षं."

दोन वर्षं मी संस्थानात खेळलो. मग एका फडात तिशीच्या गड्याबरोबर माझी जोड लावली, वजनानं माझ्या दीडपट. मी खाली होतो, त्यानं सगळा भार टाकला आणि गुडघ्यातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मला बैलगाडीत घालून नंदगडजवळच्या आमच्या गावी आणून सोडलं. चौथ्या दिवशी तुम्ही दारात उभे. खानापूरपर्यंत रेल्वेनं, पुढं चालत. आई रडत सांगत होती, तुम्ही ऐकत होता, आणि हात माझ्या गुडघ्यावर फिरत होता. आठ दिवस राहिलात, तेल चोळलंत, लेप बांधलेत. "सांगितलं हुतं," एवढे दोन शब्दही बोलला नाहीत. मी भिंतीकडं तोंड करून पडून असे.

त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. मी काठी टेकत तालमीत पोचलो तेव्हा जोडीदार तापानं फणफणला होता. तिसऱ्या दिवशी गेला. मसणवटीतून परत आल्यावर तुम्ही कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसलात, खाली बघत. "मी थांबीवलं त्याला," म्हणालात. "वीस व्हायला तीन म्हयनं ऱ्हायलं हुतं. एक तरी जंगी कुस्ती खेळाय पायजे हुती पोरानं." मी जवळ बसलो. तुमचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही गेलात.

आता तालीम मी चालवतो. तुमची अट तशीच ठेवली आहे. परवा एक सतरा वर्षांचा पोरगा पगारी कुस्ती खेळायचीय म्हणत समोर उभा राहिला, दंड असे की बघत राहावं. त्याला नाही म्हणालो. तो विचारत होता, "का?" मी माझा पाय दाखवला. तो निमूट गेला. पाय बघितल्यावर कोण काय बोलणार?

पण वस्ताद, त्याला मी अर्धंच सांगितलं. पहिली कुस्ती मारली त्या संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, फेटा सुटून गळ्यात आला होता, आणि गर्दीत मी तुम्हाला शोधत होतो. आज जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. तरी त्या कारभाऱ्यानं पुन्हा वय विचारलं, तर मी एकवीसच सांगेन.