बसवराजच्या ड्रमातलं पाणी

मुरुम, ३ मार्च १९८६
आजपास्नं रोजनिशी. बोलणार म्या, लिहिणार नातसून शांतम्मा. मला अक्षर येत न्हाय, तिची सातवी झालीय. मनाचं काही घालायचं न्हाय, मनाचं काही गाळायचं न्हाय, असं बजावलंय. व्हय म्हणाली.
संकल्प: वर्षाच्या आत पणतू. नातू बसवराजच्या लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा माळ्यावर धूळ खातोय. दोष कुणाचा, मला ठाऊक आहे. इथं पेन थांबलं. म्हणलं, लिही.

९ मार्च
टँकर आज बी न्हाय. बसवराज सहकारी कारखान्यात बागेला पाणी द्यायचे प्लास्टिकचे मऊ पाईप करतो. तालुक्यात थेंब न्हाय, पाईप मैलभर. पाईप मऊ करायचं तेल ज्यात येतं, तसला रिकामा ड्रम त्यानं लग्नाच्या साली घरी आणला. म्या राखेनं, चिंचेनं घासला. ड्रमावरून सगळी गल्ली आमच्यावर जळते. पाण्यावर अजून जरा तवंग येतो, पण पौष्टिक दिसतो. म्हणून ते पाणी फक्त बसवराजला. कमावतं लेकरू. आमा बायकांना रांजण आहे.

१७ मार्च
शांतम्माला सोमवार धरायला लावले. शतावरी चालू. तिनं विचारलं, आज्जी, त्यांना बी तपासायचं का? म्हणलं, पुरुषाला काय तपासायचं? तो काय बाजारातला बैल आहे? म्हणाली, बैलाचे निदान दात तरी बघतात.
जीभ लई चालते. कूस चालली असती तर बरं.

२ एप्रिल
दमले. गुडघे दुखतात. तरी संकल्प सोडला न्हाय.
शेजारची लक्ष्मम्मा आलूरचं स्थळ घेऊन आली. बसवराजला दुसरी करायची. पोरगी धडधाकट, सात भावंडांतली. शांतम्माला समजावलं, तू थोरली, मान तुझाच. तिनं विचारलं, तो कुठल्या खुंटीला टांगू? म्या हसले. ती हसली न्हाय. तिच्यावर माझा लई जीव आहे, हे बी लिहायला लावलं.

१४ एप्रिल
बसवराज आडवा आला. आलूरच्या आधी सोलापूर म्हणतो. मोठ्या डॉक्टरकडं, दोघांनी. चार वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. म्या जाऊ दिलं. हिचा दोष एकदा कागदावर आला म्हंजे तोंडं बंद. त्याला वाटेत प्यायला ड्रमातलं पाणी कॅनमधी भरून दिलं.

१८ एप्रिल, संध्याकाळ
दोघं सोलापूरहून आली. डॉक्टर म्हणतो, बाईत काही खोट न्हाय. बसवराजचं बीज कमी, जे आहे ते बी अशक्त.
डॉक्टरनं काम विचारलं. हा पावडरीत ते तेल हातानं कालवतो, त्याच हातानं भाकरी खातो. डॉक्टर म्हणाला, उंदरांना असलं तेल पाजून बघितलंय, नरांचं बीज आटतं. माणसाचं अजून खात्रीनं सांगता येत न्हाय, तुझं त्यानंच झालं असं बी न्हाय, पण लांब राहा. मग कॅन उघडून वास घेतला. हे पाणी कुठलं, विचारलं.
डॉक्टर पोरगेलाच आहे. उंदरांचं आमाला काय?

१९ एप्रिल
जेवले न्हाय. उकाडा आहे म्हणून.

२० एप्रिल
आलूरला नकार कळवला. लक्ष्मम्माला सांगितलं, पोरगी जरा ठेंगणी वाटते.
बसवराज पॅकिंगला बदली मागणार. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी. पोर होईल का, बसवराजनं तिथं विचारलं होतं. डॉक्टर व्हय म्हणाला न्हाय, न्हाय बी म्हणाला न्हाय.
दुपारी ड्रम म्या एकटीनं अंगणात पालथा केला. अर्धा भरलेला होता. दारोदार बाया घागरी घेऊन बघत उभ्या. असल्या दुष्काळात म्हातारी पाणी ओतती म्हणून एक रडलीच.
शांतम्मानं रांजणातला तांब्या आणला. आधी बसवराजला दिला, मग मला. एखादा टोमणा मारला असता तर बरं.
मग म्या म्हणलं, पहिलं पान फाड. दोष कुणाचा ते लिहिलंय ते. म्हणाली, आज्जी, मनाचं काही गाळायचं न्हाय, तुमीच बजावलंय.
म्हणलं, तू न्हाय गाळत गं, म्या गाळायला सांगतेय.
फाडल्याचा आवाज आला. कुठलं पान, देवाला ठाऊक. मला वाचता कुठं येतं.