गोगलगाईचं हाटेल

म्युनिक, २ मार्च

माय, तुझ्या लेकीचा दंडवत.

मी खुशाल हाय, थंडीही सरली. तुझा गुडघा कसा हाय? खरं लिही.

चैत्रात आमच्या लग्नाला पाच वर्षं होतात, म्हणून तुझे जावई मला पॅरिसला नेऊन राहिलेत. महिना झाला, रोज हाटेलं निवडणं चालू हाय. एका ठिकाणी सात ताटं देतात अन् ताटात तीन वाटाणे. त्याला हे कला म्हणतात!

शेवटी एक पक्कं केलं. तिथं काय नावाजलेलं हाय? गोगलगाई! सोयाबीन फस्त करतात म्हणून अण्णा मिठाच्या पाण्यात टाकतात ना, तसल्याच. इथं लोण्यात भाजून चिमट्यानं खातात. अण्णांना म्हणावं, उगं मीठ वाया घालू नका.

काळजी करू नको, हे लई जीव लावतात. टेबल ठरवताना हाटेलवाल्यानं विचारलं, "बाईंना काय चालत न्हाई?" मी अंड्यालाही शिवत न्हाई, हे ह्यांना ठाव हाय. तरी आपण गावंढळ दिसू नये म्हणून ह्यांनी कळवलं, "सगळं चालतं."

पाच वर्षांत मला काय चालत न्हाई, हे विचारलं ते त्या हाटेलवाल्यानं.

अण्णांना गोगलगाईपर्यंतच वाचून दाखव.

तुझीच,
सुकन्या