सुपारीच्या डब्यातलं वायसर

बाबा,

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ट्रक सुरू केला. पहिली दहा मिनिटं कालच्यासारखाच खोकला, पांढरा धूर सोडला आणि मग सुतासारखा सरळ चालला. तुम्ही म्हणता, "इंजिन गेलं, भंगारात देतो याले." पण रविवारी तुम्ही डिझेल फिल्टर बदललं, त्याआधी तो असा खोकत नव्हता.

तुम्ही शेतात गेल्यावर आईनं तुमचा पानाचा डबा पुसायला घेतला, तर सुपारीत फिल्टरच्या बोल्टखाली घालायची तांब्याची चकती, नवंकोरं वायसर निघालं! म्हणजे तुम्ही जुनंच परत बसवलं. तिथून रात्रभर हवा शिरते आणि सकाळी गाडीला दम लागतो. आई म्हणते, "सुपारी समजून चावलं असतं, तर दातई भंगारात गेले असते."

नवं वायसर बसवून मी डिझेलच्या नळीतली हवा काढली. संत्री घेऊन अकोल्याला निघते. मुक्काम जठारपेठेत, आत्याकडे. अकरा वाजता भंगारवाला येईल, त्याला उद्या ये म्हणा.

आत्ता साडेसातला ट्रक पहिल्याच सेल्फला सुरू झाला. पण इंजिन अजून गरमच होतं; खरं काय ते उद्या सकाळी थंड इंजिनावर कळेल.

आचल