बॅग कोणी उचलायची

१२ एप्रिल २००७, रेडमंड

'ज्यांच्या आजोबांनी साहेबाची पेटी डोक्यावर घेऊन तीन-तीन गावं ओलांडली आणि बदल्यात शिळा तुकडा घेतला, त्या माझ्या भावाबहिणींनो...' जयंतीच्या भाषणाची सुरुवात हीच. कोणी कितीही म्हणो, बदलायची नाही. यंदा वेठबिगारीवरच बोलायचं. इथे अमेरिकेत सगळे गुबगुबीत झालेत. पाठीचा कणा गाडीच्या सीटला टेकून टेकून विसरलेत.

१५ एप्रिल

भाषण झालं. लायब्ररीचा हॉल भरला होता. 'ओझं खाली टाका, पुन्हा कुणाचंही उचलू नका' या वाक्यावर टाळ्या थांबेनात. विलास मेश्राम रडला. त्याचा आजा गावचा बिगारी, वडील नागपूरच्या इतवारीत हमाल, हा सॉफ्टवेअर टेस्टर. पुढे येऊन पाया पडायला वाकला. म्हटलं, 'अरे, वाकायचं नाही हेच सांगितलं ना आत्ता!' हसला बिचारा.

त्याची प्रज्ञा शेवटच्या रांगेत, कानात वायरी. सतरा वर्षांची. गोल्फ खेळते. विचारलं, 'काय समजलं गं?'

'यू वेअर लाउड, काकू.'

पोरगी आवडते मला.

२१ मे

विलासचा ऑफिसातून फोन. प्रज्ञा पात्रता फेरी पार करून बायकांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत गेली. शाळकरी पोर, व्यावसायिक बायकांच्या बरोबरीनं खेळणार. या स्पर्धेचं मला पटलं ते हे, की दार उघडं असतं. बाप कोण, क्लब कुठला, कोणी विचारत नाही. फेरीत चेंडू भोकात घाला आणि आत या.

ऑगस्टमध्ये, समुद्राकाठच्या मैदानावर. 'लिंक्स' म्हणतात. झाड नाही, वाळूच्या टेकड्या, कडक गवत, आणि वारा. वि. म्हणतो तिथे खरा खेळ वाऱ्याशीच.

इथल्या मराठी मंडळाची ईमेल फिरतेय: 'आपली मराठी कन्या प्रज्ञा!!' आडनाव गाळलं. अभिमान हवा, मेश्राम नको.

३ जून

लायब्ररीतून खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं. छोटंसं. एका बैठकीत वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, मग खोडल्या (लायब्ररीचं आहे). फार सुंदर पुस्तक. पंच सगळीकडे नसतो, म्हणून आपली चूक खेळाडूनं आपणच सांगायची. आपल्यासारख्यांना लिहिलेला नियम हाच मोठा भाऊ. बाकी सगळे भाऊ ऐनवेळी घरी नसतात. (हे वाक्य ऑक्टोबरच्या भाषणात घ्यावं.)

१० जून

वि.कडे जेवण. रेखानं वांग्याचं भरीत केलं होतं, झणझणीत. विषय निघाला काठ्यांच्या बॅगेचा. आजवर छोट्या स्पर्धांत प्रज्ञा स्वतःच ओढायची. या स्पर्धेत बॅग उचलायला माणूस लागतो, कॅडी. तिला बाप हवाय.

'बाबा, प्लीज. यू नो माय स्विंग.'

वि. माझ्याकडे बघायला लागला. 'ताई, तुम्ही सांगा.'

सांगितलं. मेश्रामांच्या घरात ओझं उचलणारा आता जन्मणार नाही. पोरगी खेळेल, बाप मालकासारखा उभा राहून बघेल. उचलू दे गोऱ्यांना.

रेखा म्हणाली, 'बॅगच तर हाय, ताई. अन् तेबी पोरीची.'

'पेटीही पेटीच होती, रेखा.'

वि. ताटात बघून 'बरोबर हाय, बरोबर हाय' करत राहिला. प्र. अर्ध्या जेवणावरून उठली. या वयात मुलं उठतातच.

९ ऑगस्ट, समुद्राकाठी

आठजण व्हॅननं आलो. वारा असा की माझ्या कानातलं कुडं हललं. प्र.ला स्पर्धेवाल्यांनी स्थानिक कॅडी मिळवून दिला. रॉय. साठीचा, लाल मानेचा, तिला 'किड' म्हणतो. त्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर पाठीवर मोठ्या अक्षरात: मेश्राम.

मी बघतच राहिले. आपलं आडनाव गोऱ्याच्या पाठीवर, आणि पाठीवर बॅग. फोटो काढले. वि.ला म्हटलं, 'आज तुझ्या आज्याला दाखवायला हवं होतं.' त्याला हसू आलं नाही. तो दोरीच्या या बाजूनं पोरीच्या बरोबरीनं चालत होता. ती थांबली की थांबायचा. हात रिकामे, काय करावं न कळल्यासारखे.

पहिला दिवस छान गेला. बायका बघत होत्या, कोण ही काळीसावळी पोर.

१० ऑगस्ट, मोटेल

जमेल तेवढं लिहिते.

दुसऱ्या दिवसानंतर गुणांच्या रेषेबाहेरच्या अर्ध्याजणी घरी जातात. प्र. एका फटक्यानं रेषेच्या आत होती. सतराव्या भोकाला समुद्राकडून वारा. रॉयनं सात नंबरची काठी दिली (नंबर लहान तेवढा चेंडू लांब). तिनं घेतली, वाऱ्यात गवत उडवलं, पुन्हा उडवलं. खांदे वर गेलेले. दोरीमागून वि. हळूच, नागपुरी बोलीत: 'सहा घे, बेटा. हवा तोंडावर हाय.'

इथवर ठीक होतं. न विचारता कोणी बोललं तर खेळाडूचा दोष नाही. पण पोरीनं वळून विचारलं, 'नक्की, बाबा?'

ही पोर घरात इंग्रजीशिवाय बोलत नाही. जन्मात एकदा मराठीत विचारलं.

'हो. सहा.'

काठी बदलली. चेंडू झेंड्यापाशी. आम्ही आठजण नाचलो. मीसुद्धा.

सल्ला फक्त कॅडीचा घ्यायचा, इतर कोणाला विचारला तर दोन फटके दंड. शेजारच्या खेळाडूच्या कॅडीनं काठी बदलताना पाहिलं होतं, पंचांना सांगितलं. खेळ संपल्यावर, गुणपत्रकावर सही व्हायच्या आधी, प्र.ला आणि वि.ला तंबूत बोलावलं. वि.चा हात माझ्या दंडावर होता म्हणून मीही गेले. पंच बाई, उन्हानं रापलेली, अगदी सभ्य. वडील काय म्हणाले?

वि. म्हणाला, 'मी फक्त म्हटलं, घाबरू नको.'

बाई माझ्याकडे वळली. 'तुम्हाला यांची भाषा येते?'

प्र.नं तोंड उघडलं होतं. हे मला आत्ताही दिसतंय. श्वास घेतला होता तिनं.

मी बोलले. वडील म्हणाले सहा. मुलीनं विचारलं, नक्की? वडील म्हणाले हो. तीन वाक्यं, स्वच्छ इंग्रजीत. टाळ्या पडायला हरकत नव्हती.

दोन फटके. एका फटक्यानं रेषेबाहेर.

प्र.नं सही केली. रॉयनं अंगरखा काढला, आडनाव आत जाईल अशी घडी घातली आणि वि.च्या हातात दिली.

११ ऑगस्ट

व्हॅनमध्ये चार तास झाले. मग वि.: 'ताई, तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे.'

रेखा खिडकीकडे तोंड करून: 'दुसऱ्याच्या पोरीवर खरं बोलाले काही लागत नाही.'

मी नियम सांगायला लागले. खोटं बोलून आत राहिली असती तर कोणत्या तोंडानं... प्र.नं मागच्या सीटवरून, अगदी साध्या आवाजात, म्हटलं की बाबा बॅगेवर असते तर दिवसभर बोलू शकले असते. इट्स अलाउड.

मला ते ठाऊक होतं. जूनमध्ये वाचलं होतं, खूणही केली होती. आठवड्यानं वि.च्या घरी बसून मालकी शिकवली, तेव्हा ती ओळ डोक्यात होती आणि तोंडात दुसरंच भाषण होतं.

व्हॅनमधले बाकीचे झोपल्याचं सोंग करत होते.

१३ ऑगस्ट

मंडळाची नवी ईमेल. 'मेश्राम यांच्या मुलीबाबत घडलेला प्रकार दुर्दैवी.' आडनाव सापडलं एकदाचं! एका काकांनी खाली लिहिलंय, 'शिस्तीचे संस्कार घरातून यावे लागतात.' या माणसाला मी ओळखते. दर पाडव्याला पार्किंग अपंगांच्या जागेत करतो. उत्तर लिहिलं, जळजळीत, पाठवलं नाही. माझ्या शब्दांनी त्या घराचं पुरेसं भलं झालंय.

१९ ऑगस्ट

जयंती भरवणाऱ्या आमच्या अभ्यासमंडळाची बैठक. माझ्याच घरी, माझ्याच चहावर. ठराव असा, की मी स्पर्धेवाल्यांना लिहून द्यावं, वाऱ्यामुळे ऐकण्यात चूक झाली. निकाल बदलणार नाही, पण पोरीचं नाव धुऊन निघेल.

म्हटलं, ज्या दिवशी सोयीसाठी मी ऐकलेलं ऐकलं नाही म्हणेन, त्या दिवशी कोर्टातला प्रत्येक फितूर साक्षीदार माझा सख्खा होईल. आपली किती प्रकरणं तशीच बुडाली, मोजा.

नागपूरचा वाघमारे, बत्तीस वर्षांचा, शांतपणे: 'ताई, तिथं आरोपी जमीनदार असतो. इथं सतरा वर्षांची पोरगी होती.'

मी कप गोळा करायला लागले. मग त्यांनी दुसरा ठराव केला: ऑक्टोबरच्या धम्मदिनी मी बोलू नये. हात वर झाले. विलासचा झाला नाही. तो आलाच नव्हता.

२ सप्टेंबर

प्र. दारात. एकटी, गाडी चालवत आलेली. बस म्हटलं, बसली नाही.

'काकू, आय वॉज गोइंग टु टेल देम.'

मी म्हटलं, काय?

ती सांगणार होती. तंबूत. वळून विचारलं त्या क्षणीच कळलं होतं तिला, अठराव्या भोकापर्यंत मनात वाक्य जुळवत होती. या खेळात स्वतः सांगितलं की माणूस हरतो पण मान राहते; दुसऱ्यानं सांगितलं की लपवलं असं होतं. आता सगळ्यांना वाटतं तिनं लपवलं. मी एक श्वास थांबायचं होतं फक्त.

'यू ऑल्वेज टॉक फर्स्ट.'

रागावली नव्हती. रागावली असती तर भांडता आलं असतं.

गेली. मी दार लावायचं विसरले, शेजारची मांजर आत आली.

८ सप्टेंबर

रेखाला फोन केला. उचलला, नवलच. प्र.नं पुढच्या शनिवारच्या राज्य स्पर्धेत नाव घातलंय. सिएटलच्या बाजूलाच. वि. म्हणतो, 'मी आता मैदानाच्या फाटकाशीही येणार नाही, माझ्या तोंडामुळे पोर बुडाली.' ऑफिस, घर, टीव्ही. माझं नाव काढलं की खोलीबाहेर जातो.

'त्याला म्हणावं...'

'तुमीच म्हणा. तुमच्या म्हणण्यानंच तं हे झालं.'

१३ सप्टेंबर, गुरुवार

वि. फोन घेत नाही. चारदा केला. उद्या ऑफिस सुटल्यावर त्याच्या दारात उभी राहणार. दार उघडेल की नाही, माहीत नाही. उघडलं तर किती वेळ ठेवेल, तेही नाही. म्हणून थोडक्यात लिहून ठेवते. उपमा नाही, इतिहास नाही.

वेठ म्हणजे नाही म्हणता न येणं. तुझ्या आज्याला विचारलं नव्हतं; तुला पोरीनं प्लीज म्हटलं होतं. मी या दोन्हींना एका नावानं हाक मारली, टाळ्यांच्या नादात. माझं चुकलं, आणि ते मी सभेतही म्हणेन, बोलू दिलं तर. तू मला माफ करायची गरज नाही. माझं कधीच ऐकू नकोस, चालेल. एवढं एक ऐक.

विलास, शनिवारी सकाळी पोरीची बॅग खांद्यावर घे आणि दोरीच्या आत जा.